सटवाच्या टेम्पोला आमिनाबी जामीन

आमिनाबीला बँकेनं कर्ज नाकारलं तेव्हा तिला आधी वाटलं, आपल्याच नावाची दुसरी कुणी बाई असेल. मांजरसुंबा, चौसाळा, नेकनूर या पट्ट्यात आमिनाबी काय कमी आहेत? तिनं तसं बोलूनही दाखवलं. बँकेतल्या मॅडमनी आधार कार्ड पुन्हा हातात घेतलं, कॉम्प्युटरकडं बघितलं आणि म्हणाल्या, "नाही चाची, तुम्हीच आहात."

ही तीन पावसाळ्यांमागची गोष्ट. मी तेव्हा चौसाळ्याच्या शाळेत शिकवत होते आणि बीडला घरी जाताना मांजरसुंब्याच्या फाट्यावर उतरून तिच्याकडून सीताफळं घ्यायची. त्यामुळं यातलं निम्मं मला तिच्या तोंडून कळलं आणि निम्मं तिच्या मुलाच्या.

फाट्यावर ढाब्यांची रांग संपते तिथं आमिनाबी बसते. वर ताडपत्री, खाली गवतात रचलेली फळं. नवरा पाशा त्याच जागेवर पंक्चर काढायचा. तो छातीच्या दुखण्यानं गेला आणि जागा मोकळी पडू नये म्हणून ती एक दिवस टोपली घेऊन येऊन बसली, ती बसलीच. बालाघाटच्या डोंगरात सीताफळाला कुणी पाणी घालत नाही, खत घालत नाही, तरी दसरा-दिवाळीला झाडं लगडतात. डोंगरातले लोक पहाटे कॅरेट आणून तिच्यापुढं उतरवतात. ती फळाला बोटानं दाबून न बघता नुसते डोळे बघून सांगते, हे आज खा, हे परवा.

अडचण एकच. सीताफळ थांबत नाही. सकाळी दगडासारखं असलेलं फळ दुसऱ्या दिवशी दुपारी फुटतं. संध्याकाळी उरलेली फळं ती गाईला घालायची, आणि तिकडं ढाबेवाले उन्हाळ्यात रबडीसाठी गर शोधत पुण्या-मुंबईकडं फोन लावायचे. गर काढून गोठवून ठेवला तर वर्षभर विकेल, हे तिला कधीचं कळत होतं. मग कुणीतरी सांगितलं की बायकांना अशा धंद्यासाठी सरकारी अनुदान आहे, बँक कर्ज देते, यंत्र आणि मोठा फ्रीजर दोन्ही येतं. ती कागदपत्रं घेऊन बँकेत गेली.

"तुमचं सिबिल खराब आहे," मॅडम म्हणाल्या. मग तिला कळावं म्हणून त्यांनी सांगितलं की कुणी कधी कर्ज घेतलं, वेळेवर फेडलं की थकवलं, याची एक नोंद असते आणि कर्ज देण्याआधी प्रत्येक बँक ती बघते.

"मी जिंदगीत बँकेचा रुपया घेतला न्हाई."

"तुम्ही नाही घेतला. पण टेम्पोच्या कर्जाला जामीन राहिलात. ते थकलंय."

आमिनाबीला मग सगळं आठवलं. ती उठली. मॅडमनी पाणी दिलं, ते ती उभ्यानंच प्यायली.

टेम्पो सटवाचा. सटवा म्हणजे दगडाबाईचा मुलगा, आणि दगडाबाई म्हणजे आमिनाबीची भिंतीला भिंत लागून असलेली शेजारीण. दोघींचा धंदा जोडीनं चालायचा. दगडाबाई डोंगरातून फळं आणायची आणि आमिनाबी विकायची. दगडाबाई काविळीनं गेली तेव्हा सटवाला नुकती मिसरूड फुटत होती. त्याचा बाप आधीच नव्हता. चुलता होता, पण जेवायला सटवा आमिनाबीच्याच ओट्यावर यायचा. शिवरात्रीला ती त्याच्यासाठी रताळी उकडायची आणि ईदला तो रहमतुल्लाबरोबर नव्या कपड्यात फिरायचा. रहमतुल्ला हा तिचा एकुलता एक मुलगा. दोघं एकाच वर्गात नापास झालेले.

दोन हजार पंधराचा पावसाळा कोरडा गेला. त्याच्या आधीचाही धड नव्हता. दिवाळीनंतर जनावरं विकायला काढली तर खाटीकसुद्धा बघायला येईना. तेव्हा फाट्यावरचे पुढारी मोहनराव यांच्या दूध सोसायटीनं फाट्याच्या पुढं माळावर सरकारी चारा छावणी चालवायला घेतली. बघता बघता माळावर गाव वसलं. जनावरं, त्यांच्याजवळ झोपणारे लोक, चुली, पाण्याच्या टाक्या. चारा लांबून यायचा. उसाचं वाढं, कधी आख्खा ऊस. ज्याच्याकडं गाडी होती त्याला रोज काम होतं.

सटवा तेव्हा दुसऱ्याच्या गाडीवर रोजानं होता. त्याला वाटलं, गाडी आपली असती तर? चौसाळ्यात तेव्हा एका सहकारी बँकेची शाखा होती. कर्ज मिळत होतं, पण जामीन दोन लागत होते. एक त्याचा चुलता झाला. दुसऱ्यासाठी तो आमिनाबीपुढं येऊन बसला.

"चाची, तुमच्या नावावर घर हाय म्हणून म्हणलं. न्हाई म्हणलात तरी मला राग न्हाई."

"सही कुठं करायची ते सांग," आमिनाबी म्हणाली होती.

त्या उन्हाळ्यात सटवाचा टेम्पो एक दिवस बंद राहिला नाही. संध्याकाळी परत येताना तो एका ओळखीच्या मळ्यातून पाण्याचे ड्रम भरून आणायचा आणि आमिनाबीच्या दारात उतरवायचा. गल्लीतल्या बायका हंडे घेऊन तिथं यायच्या. त्यानं त्या पाण्याचा कधी पैसा घेतला नाही. गल्लीतल्या कुठल्याही बाईला विचारा, ती अजून सांगते.

पुढं पाऊस आला. छावणी उठली. लोकांनी जनावरं घरी नेली, सगळ्यांना आनंद झाला, आणि सटवाचं काम संपलं. चाऱ्याचं भाडं सोसायटीकडं अडकलं होतं, कारण सोसायटीचं बिल सरकारकडं अडकलं होतं. हप्ते चुकायला लागले. वर्षभरानं बँकेचे लोक आले आणि टेम्पो घेऊन गेले. त्यानंतर काही दिवसांनी सटवाच्या दाराला कुलूप दिसलं. तो बायकोलेकरं घेऊन गेला होता. कुठं, ते कुणाला सांगितलं नव्हतं. चुलता पुढं वारला.

आमिनाबीकडं त्यावेळी एक नोटीस आली होती. रहमतुल्लानं ती वाचली आणि म्हणाला, "गाडी नेली ना त्यांनी? मग मिटलं." तिलाही ते पटलं. न पटवून करते काय! त्या बँकेची चौसाळ्यातली शाखाही पुढं बंद झाली. बँकच गेली म्हटल्यावर कर्जही गेलं असणार, असं तिनं धरलं होतं.

रहमतुल्ला आता बीडला गॅरेजमध्ये काम करतो. कर्ज नाकारल्याचं कळताच तो दुसऱ्याच दिवशी आला. घरात त्यांचं बोलणं दखनीत चालतं, मी ते मराठीत सांगते.

"अम्मी, काळजी नको करू. बीडात एक माणूस हाय. सिबिल साफ करून देतो. माझ्या शेठचं बी त्यानंच केलं म्हणतात."

बसस्टँडच्या मागं एका जिन्यावर त्या माणसाचं ऑफिस होतं. सुंदरराव त्याचं नाव. मवाळ बोलणारा, कपाळाला बुक्का. त्यानं आमिनाबीला आधी चहा दिला. मग म्हणाला, "पंधरा हजार फी. तीन महिन्यांत नाव स्वच्छ."

"कसं करता?"

"आमची पद्धत असती चाची. तक्रारी टाकाव्या लागतात, पाठपुरावा करावा लागतो."

"आणि कर्ज कोण भरणार?"

"कर्ज भरायची गरजच न्हाई. तेच तर आपलं काम हाय."

आमिनाबीनं विचारलं, "मग लोक कर्ज कावून फेडतात?"

सुंदररावला हसू आलं. रहमतुल्ला मात्र ओशाळला, कारण त्यानं आईला न विचारता दोन हजार आगाऊ देऊन ठेवले होते. ते परत मागितल्यावर सुंदरराव तितक्याच मवाळपणानं म्हणाला की आगाऊ रक्कम परत होत नसते.

ती पुन्हा बँकेत गेली ती एकटीच, सीताफळांची पिशवी घेऊन. मॅडमनी फळं घेतली नाहीत, पण दुपारची गर्दी ओसरल्यावर तिला समोर बसवून घेतलं. त्या अमरावतीकडच्या. वयानं लहान, नोकरीतलं दुसरंच गाव.

"चाची, नोंद चुकीची असली तर ती दुरुस्त करायला एक पैसा लागत नाही. मीच तुम्हाला तक्रार करून दिली असती. पण ही नोंद खरी आहे. खरी नोंद कुणीच पुसू शकत नाही. तो बीडचा माणूसही नाही."

"मग भरायचेच?"

"भरले तर खातं बंद झालं असं लिहून येईल. बँकेशी घासाघीस करून कमी भरले तर तडजोड केली असं येईल, ते पुढच्या बँकेला आवडत नाही. आणि पूर्ण भरले तरी मागचं थकलेलं काही वर्षं दिसत राहतं. आज भरले आणि उद्या कर्ज मिळालं, असं होणार नाही. मी खोटं नाही सांगणार."

"तुमी माझ्या जागी असता तर काय केलं असतं?"

मॅडम म्हणाल्या, "माझं वय अठ्ठावीस आहे चाची. मी भरले असते. मला पुढं घर घ्यायचंय, गाडी घ्यायचीय. तुमच्या जागी... खरं सांगू? मला नाही माहीत."

आमिनाबी साठीला टेकलेली. ती हे बोलणं घरी घेऊन गेली आणि काही दिवस तिनं कुणाशी त्यावर चर्चा केली नाही. धंदा भरात होता. पण गिऱ्हाईक नसलं की तिच्या मनात तेच चालायचं. उरलेलं कर्ज लाखाच्या आतबाहेर होतं. तेवढे पैसे तिच्याकडं नव्हते. आणि असते तर तिनं फ्रीजरच घेतला असता, मग कर्ज कशाला लागलं असतं? नाव साफ करायला जेवढे लागतात तेवढ्यात कामच होतं. हा हिशेब तिला हसवायचाही आणि चिडवायचाही. चीड सटवावर होती. पाच-सहा वर्षांत त्यानं एक फोन केला नव्हता.

मग डोंगरातून फळं आणणाऱ्या रतनबाईनं बोलता बोलता सांगितलं की सटवा वडवणीला दिसतो, बाजाराच्या दिवशी, कुणाच्या तरी पिकअपवर. आमिनाबीनं त्या आठवड्याला दुकान रतनबाईवर सोपवलं, बीडला जाऊन वडवणीची एसटी धरली आणि बाजारात उतरली.

तिला तो शोधावा लागला नाही. भाजीच्या ओळीच्या टोकाला पिकअप उभी होती आणि तो टोमॅटोचे कॅरेट उतरवत होता. पोट सुटलेलं, कानाजवळ केस पांढरे. त्यानंही तिला बघितलं. बघितलं आणि गाडीच्या पलीकडच्या बाजूला गेला.

आमिनाबी त्याच्या मागं गेली नाही. ती गाडीच्या सावलीत एका पालथ्या कॅरेटवर बसली. गाडी घेतल्याशिवाय हा जातो कुठं, असा तिचा विचार. बराच वेळ गेला. शेवटी तो आला आणि मान खाली घालून पुढं उभा राहिला.

"चाची, पाणी आणू का?"

"आण."

त्यानं पाणी आणलं. ती प्यायली. मग म्हणाली, "माझं कर्ज अडकलंय. तुझ्या टेम्पोपायी."

"टेम्पो तर त्यांनी नेला चाची."

"नेला. लिलावात आला तेवढा आला. बाकीचं हाय तसंच हाय, वर व्याज. तुझ्या नावावर बी आणि माझ्या नावावर बी."

सटवा तिच्यासमोर उकिडवा बसला. "तुमच्या नावावर कावून? तुमी तर नुसती सही केलती."

"जामीन म्हणजे दुसरं काय असतं रे?"

हातातला रुमाल घड्या घालून घालून त्यानं चिंधीएवढा केला. मग हळूहळू बोलायला लागला. टेम्पो गेला त्या दिवशी आपण सुटलो असं त्याला वाटलं होतं. तोंड दाखवायला लाज वाटत होती म्हणून सासुरवाडीला आला. वाटलं, दोन वर्षांत गाडी उभी करू आणि मग गावी जाऊ. पण जिथं जाईल तिथं नाव टाकलं की साहेब मान हलवायचा. पिकअप दुसऱ्याची. तो रोजावर. पोरीला शिकायला मोबाइल हप्त्यानं घ्यायला गेला तर दुकानदारानं चार लोकांत सांगितलं, तुमच्या नावावर होत न्हाई.

"मला वाटायचं, माझं एकट्याचं नशीब खराब हाय," तो म्हणाला. "तुमचं बी बिघडवलं हे माहीत असतं तर..."

"तर काय केलं असतंस?"

"काय की," सटवा म्हणाला. "तरी बी आलो नसतो बहुतेक."

हे ऐकून आमिनाबीचा राग उतरला, असं तिनं मला सांगितलं. त्यानं काही गोड बोलून दाखवलं असतं तर ती भांडून परत आली असती.

तिनं विचारलं, "आणि छावणीचं भाडं? ते आलं का कधी?"

"न्हाई. आणि मागायला बी गेलो न्हाई. कुठल्या तोंडानं जाणार?"

"भाडं तुझं होतं. तुझ्याच तोंडानं."

परतीच्या एसटीत तिला खिडकीजवळ जागा मिळाली. मॅडमचं वाक्य तिच्या डोक्यात होतं. अठ्ठावीस वर्षांच्या बाईनं भरले असते. सटवा आता पस्तिशीचा. त्याच्यापुढं अजून निम्मं आयुष्य होतं, पोरगी होती, आणि तो जाईल तिथं हे कर्ज त्याच्या आधी जाऊन बसणार होतं. आपल्याला फक्त एक फ्रीजर पाहिजे, पण या पोराला तर कुठंच वाट नाही. बीड येईपर्यंत तिचं ठरलं.

रहमतुल्ला भडकला. "तो पळून गेला आणि तू त्याला शोधून त्याच्यासाठी बँका हिंडणार? त्यानं आपल्याला बुडवलं अम्मी!"

"बुडवलं. खरंय. आणि पाणी कुणाचं पीत होतो आपण त्या साली?"

"मग माझं म्हणणं हाय, आपण तर सुटावं ना आधी!"

"आपण एकटे सुटत न्हाई रे. त्यानं भरलं तरच माझं मिटतंय. आणि मला त्याची घाई न्हाई, त्याला हाय. माझ्या फ्रीजरचं मी बघते."

पुढच्याच आठवड्यात ती सटवाला घेऊन मोहनरावांच्या ढाब्यावर गेली. सोसायटी कधीच मोडली होती. मोहनराव आता गल्ल्यावर बसत, राजकारण पोरावर सोडलेलं. सटवाला बघून त्यांनी ओळखलं, पण ओळख दाखवायला वेळ लावला.

"बसा आमिनाबी. काय घेता?"

"चहा नको भाऊ. या पोराचं छावणीतलं भाडं राहिलंय."

मोहनरावांनी चष्मा काढला. "आता सरळच सांगतो. सरकारचं बिल आलं, पण कापून आलं. मोजणीत जनावरं कमी भरली म्हणून दंड लावला. जे आलं ते चाऱ्यावाल्यांना दिलं, ते दारात बसले होते. गाडीवाल्यांचं ऱ्हायलं. मागायला आले त्यांना थोडं थोडं दिलं. हा आलाच न्हाई."

"आज आलाय."

"आता सोसायटीच न्हाई ओ."

"सोसायटी न्हाई," आमिनाबी म्हणाली, "पण तुमी हायत ना भाऊ. फाट्यावरचे लोक तुमचंच नाव घेतेत छावणीला, सोसायटीचं न्हाई. चांगलंच नाव घेतेत."

मोहनराव गल्ल्यातल्या नोटा मोजायला लागले. सटवा उठून जायला लागला तर आमिनाबीनं त्याच्या सदऱ्याला धरून खाली बसवला. शेवटी मोहनराव म्हणाले, "सगळं न्हाई होणार. निम्मं देतो. ऊस गेल्यावर." त्यांनी दिलं, पण कबूल केलं त्याच्यापेक्षा कमी, आणि तेही आमिनाबीनं जातायेता चार वेळा रामराम घातल्यावर.

ते पैसे घेऊन दोघं बीडला त्या सहकारी बँकेच्या मुख्य कचेरीत गेले. तिथल्या साहेबांनी आनंदानं तडजोडीचा कागद पुढं केला. थोडं कमी भरा, आजच मोकळे व्हा. सटवाचे डोळे चमकले. साहजिक होतं, रक्कम बरीच कमी होती. आमिनाबीनं त्याला बाहेर व्हरांड्यात नेलं आणि मॅडमनी सांगितलेलं समजावलं.

"आज कमी भरलंस तर उद्या परत मान हलवतील. तुला सुटायचंय का नुसतं मिटवायचंय?"

"चाची, पूर्ण भरायचं म्हणजे दोन वर्षं जातील."

"जाऊ दे. तशीबी पाच गेली."

सटवा व्हरांड्याच्या कठड्याला टेकून उभा राहिला. ठरवायचं त्याचं त्यालाच होतं. मग तो आत गेला आणि पूर्ण भरायचे म्हणाला. साहेबांनी हप्ते पाडून दिले.

आमिनाबीनं स्वतःचं कर्ज सोडून दिलं. अनुदानही सोडलं. चौसाळ्यातलं एक आइस्क्रीमचं दुकान बंद होत होतं, त्यांचा जुना फ्रीजर तिनं हंगामाच्या पैशात घेतला. यंत्र नव्हतंच. ती आणि रतनबाई घरी चाळणीवर गर काढायच्या, बिया वेगळ्या करायच्या, पिशव्या भरायच्या. गर लवकर काळा पडतो म्हणून दोघी गप्पा न मारता कामाला लागत. तेवढंच काय ते त्या धंद्यातलं दुःख, असं रतनबाई म्हणायची. उन्हाळ्यात ढाबेवाले घरी येऊन गर घेऊन गेले. मोहनरावांनी रोख घेतला, उधारीचं नावही काढलं नाही.

आणि त्यानंतरचा पावसाळा कोरडा गेला. दोन हजार तेवीस. जुलैत आला, ऑगस्टभर नाहीसा झाला. सीताफळं झाडावरच सुकून काळी पडली, जी उतरली ती लिंबाएवढी. आमिनाबीचा फ्रीजर अर्धाही भरला नाही. एक दिवस तिनं मला त्याचं झाकण उघडून दाखवलं आणि म्हणाली, "बघा. यंत्र घेतलं असतं तर आज हप्ता कुठून भरला असता? माझं बी सटवासारखं झालं असतं." तिच्या आवाजात शहाणपणाचा तोरा नव्हता. ती घाबरली होती. कर्ज नको हे काही तिनं आधीच ओळखून ठरवलं नव्हतं. मिळालं असतं तर तिनं घेतलंच असतं.

सटवाचेही हप्ते त्या वर्षी चुकले. बाजारात भाजीच नाही तर पिकअप कशाला फिरणार? रहमतुल्लानं आईला ऐकवलं, "बघ, मी म्हणलो नव्हतो?" आमिनाबीनं वडवणीला फोन लावला. ती ओरडणार असं सटवाला वाटलं. तिनं विचारलं, "बँकेत जाऊन सांगितलंस का?" तो नाही म्हणाला. "मग तेच परत करायलास. पैसे न्हाईत तर न्हाईत, पण जाऊन तोंड दाखव." तो गेला. साहेब बोलले त्याला, पण मुदतही दिली. हिवाळ्यात पाण्याचे टँकर सुरू झाले तेव्हा तो टँकरवर ड्रायव्हर लागला आणि हप्ते पुन्हा चालू झाले. दुष्काळानं एकदा अडवलं होतं, या वेळी दुष्काळानंच काम दिलं.

यंदाच्या उन्हाळ्यात खातं बंद झालं. सटवा पोरीला घेऊन फाट्यावर आला होता. पोरगी नर्सिंगला जायचं म्हणते. तो आता शैक्षणिक कर्जाची चौकशी करतोय. बँकेनं सांगितलंय की थोडं थांबा, नोंद ताजी आहे, पण या वेळी कुणी मान हलवली नाही, अर्ज ठेवून घेतला. होईल की नाही सांगता येत नाही. त्या दिवशी रहमतुल्लाही आला होता, रतनबाई तर होतीच. तो आणि सटवा आधी एकमेकांना टाळत होते, मग पिकअपच्या इंजिनातून आवाज येतो म्हणून बॉनेट उघडून दोघं त्यात डोकं घालून बसले, ते जेवायला हाक मारेपर्यंत.

जेवणानंतर रहमतुल्लानं मोबाइलवर आईचं सिबिल काढलं. आता ते फुकट बघता येतं हे त्याला कळलंय.

"पास का नापास?" आमिनाबीनं विचारलं.

"काठावर हाय अम्मी. पहिल्यापेक्षा लई बरं. अजून वर्षभरात चांगलं होईल. मग यंत्रासाठी अर्ज करायचा का?"

आमिनाबी सुपारी कातरत होती. तिनं रतनबाईकडं बघितलं, रतनबाईनं तिच्याकडं.

"पाऊस बघून सांगते," ती म्हणाली, आणि सटवाच्या पोरीच्या हातावर अर्धी सुपारी ठेवली.